नवव्या मुद्द्याची दुरुस्ती

सिडनीच्या लोकलमधून सेव्हन हिल्स स्टेशन मागे गेलं आणि मार्शल डाबरेला फोनच्या पडद्यावर स्वतःचंच एक वाक्य दिसलं. कुणीतरी ते पिवळ्या रंगाने रंगवलं होतं. मागच्या बैठकीचं इतिवृत्त होतं ते. बांधकामाच्या साइटवर दर पंधरा दिवसांनी कंपनी आणि युनियन यांची बैठक होते, चार माणसं इकडची, चार तिकडची, त्या बैठकीचं. कंपनीच्या बाजूने बोलायचं काम मार्शलचं, गेली सहा वर्षं. एरवी इतिवृत्त कोण वाचतो? पण या वेळी कंपनीच्या चित्रलेखाने सकाळी पावणेसातलाच पाठवलं होतं. वर एवढंच लिहिलं होतं, ‘नववा मुद्दा बघ. हे काढायचं आहे. साडेनऊला भेट.’ नववा मुद्दा म्हणजे समारोप. त्याखाली युनियनच्या रिबेकाने इंग्रजीत अगदी जसंच्या तसं उतरवलं होतं : अध्यक्ष श्री. डाबरे उभे राहिले, त्यांनी हात जोडले आणि ते म्हणाले, बोलण्यात-वागण्यात माझ्या हातून काही चुकलं असेल तर मला क्षमा करा. हात जोडल्याचंसुद्धा तिने लिहिलं होतं. दुमजली ट्रेनच्या वरच्या मजल्यावर खिडकीशी बसलेल्या मार्शलने आपले हात बघितले. एका हातात फोन होता. दुसरा मांडीवर होता, पालथा, दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा.

हे वाक्य आपण बोललो, हे त्याला त्या दिवशी बोलून झाल्यावरच कळलं होतं. दोन तास बैठक चालली होती. सातव्या मजल्यावरून सुतारकाम करणारा हृषीकेश पडला त्याला तेव्हा दहा दिवस झाले होते, आणि टेबलावर आठ हेल्मेटं पालथी पडली होती, आणि बिस्किटांना कुणी हात लावला नव्हता. बैठकीच्या आरंभी नेहमीप्रमाणे मार्शलने इथल्या मूळ धरणीवाल्यांचं, आदिवासींचं, स्मरण केलं होतं. या देशात प्रत्येक बैठक अशीच सुरू होते : ज्यांची ही जमीन, त्यांना, त्यांच्या गेलेल्या आणि असलेल्या वडीलधाऱ्यांना आमचा आदर. नवा होता तेव्हा मार्शलला ते ऐकून अंगावर काटा आला होता. हे तर नमन! पप्पा कीर्तनाला उभे राहिले की असंच आधी देवाला, मग संतांना, मग गावाला आणि समोर बसलेल्या सगळ्यांना वंदन करायचे, आणि मगच पेटीवाल्याकडे बघायचे. सहा वर्षं तो हे नमन मनापासून म्हणत आला होता. नमन झालं की विषय मांडायचा, मग दाखले द्यायचे, मग गुंता सोडवत आणायचा, असं त्याच्या बैठकांना आपोआपच एक वळण पडून गेलं होतं, आणि युनियनची माणसंही कौतुकाने म्हणत, हा माणूस बोलतो बरं. त्या दिवशी काहीच सुटलं नव्हतं. तरी वेळ संपली म्हणून तो उठला, आणि उठल्यावर पाठीच्या कण्यातून कुठून तरी ती सवय वर आली. त्याने हात जोडले. पप्पांचं वाक्य पप्पांच्याच लयीत, इंग्रजीत, त्याच्या तोंडून बाहेर पडलं. क्रेन चालवणारी पन्नाशीची रिबेका, जिच्या दंडावर एका मेलेल्या कुत्र्याचं नाव गोंदलेलं आहे, त्याच्याकडे बघत राहिली. मग ‘राइट’ म्हणाली आणि खाली मान घालून लिहायला लागली.

टूंगॅबी. दोन शाळकरी पोरी चढल्या आणि हसत हसत खालच्या मजल्यावर गेल्या. पप्पा ठाण्याच्या कारखान्यात फिटर होते, आणि रविवारी आणि उपवासकाळातल्या शुक्रवारी वसईच्या गावागावांतून ख्रिस्ती कीर्तन करायचे. धोतर, उपरणं, गळ्यात क्रूस, हातात चिपळ्या. मागे पेटी आणि तबला. लोक चटया घेऊन चर्चच्या अंगणात येऊन बसायचे. पप्पांचं हरवलेल्या मेंढराचं आख्यान फार गाजलेलं होतं, कारण पप्पा त्यात एका जागी अडून बसायचे. ते म्हणायचे, “शंभरातलं एक हरवलं असं लिहिलंय. कसं हरवलं ते लिहिलेलं नाही. आता बघा मंडळी, मेंढरू काय एकटं उठून निघालं? कुंपण होतं ना? कुंपणाला फाटक होतं ना? त्या रात्री फाटक कोणी लावलं होतं?” मग तबला थांबायचा, आणि पप्पा स्वतः रचलेलं पद खालच्या पट्टीत सुरू करायचे, ‘फाटक उघडे माझिया हाती, मेंढरू गेले राती.’ मेंढपाळ रानात निघाला तो काही नुसता मायेने निघालेला नाही, तो शरमेने निघालाय, असं पप्पांचं म्हणणं. एका फादरांना ते पटायचं नाही, मेंढपाळ म्हणजे प्रभू, त्याच्या हातून कशी चूक होईल, असं ते म्हणायचे. पप्पा हसून म्हणत, “फादर, मी प्रभूचं नाही सांगत, मी ज्याला पगारावर ठेवलाय त्याचं सांगतोय.” आणि कीर्तन संपलं की पप्पा हात जोडून ते शेवटचं वाक्य म्हणायचे, दर वेळी, आणि दर वेळी त्यांचे डोळे भरून यायचे. घरी येताना मार्शलने एकदा विचारलं होतं, “पप्पा, आज तुम्ही काय चुकलात?” पप्पा सायकल हातात धरून चालत होते. म्हणाले, “ते माहीत असतं तर तेवढंच सांगितलं असतं की. माहीत नाही म्हणून सगळंच सांगून टाकायचं.”

ते माहीत असतं तर. मार्शलने फोन पालथा घातला. बाहेर पेंडल हिलची घरं, कौलं, मागच्या अंगणातल्या पाण्याच्या टाक्या, एक माणूस चड्डीवर गवत कापत होता. सकाळचे आठ वाजून गेले होते आणि उजेड स्वच्छ होता. असला स्वच्छ उजेड मार्शलला अलीकडे सोसत नाही, डोळ्यांच्या मागे दुखतं. मार्चची चौदा तारीख, शुक्रवार, त्या दिवशीही असाच उजेड होता. त्या दिवशी तो अर्धा तास लवकर निघाला होता, कारण वसईहून एक कीर्तनकार आले होते आणि संध्याकाळी ब्लॅकटाउनच्या चर्च हॉलमध्ये कीर्तन होतं. खुर्च्या मांडायच्या, पेटी आणायची, चहाचं बघायचं, सगळं त्याच्याकडे. त्याची बायको जर्ट्रूड गाडी चालवत होती. बेकरीपाशी गाडी लावून ती पाव घ्यायला उतरली आणि तेवढ्यात मेल आला. दोन चाळीस. सेफ्टीचं काम बघणारा अजित सुट्टीवर नाशिकला गेला होता, त्यामुळे तीन आठवडे त्याच्या जागी मार्शलचं नाव दिलेलं होतं. मेल रिबेकाचा होता, तीन ओळींचा. सातव्या मजल्यावर पूर्वेच्या कडेचा कठडा सामान आत घेताना काढला होता, तो परत नीट बसवलेला नाही, नुसता तारेने बांधलाय. सोमवारी कामाला हात लागायच्या आधी हे कुणीतरी बघायला हवं. मार्शलने वाचला. पुरा वाचला. कठडा, तार, सोमवार, तिन्ही शब्द त्याच्या मनात नीट उतरले. जर्ट्रूड पावाच्या पिशव्या घेऊन आली, सीटवर टाकत म्हणाली, “कोणाचा?” तो म्हणाला, “कामाचा. सोमवारी बघतो.” आणि विसरू नये म्हणून त्याने तो मेल पुन्हा ‘न वाचलेला’ करून ठेवला. ही त्याची नेहमीची पद्धत. न वाचलेले मेल ठळक अक्षरांत दिसतात, डोळ्यांत खुपतात, म्हणजे काम राहत नाही. सहा वर्षांत कधीच राहिलं नव्हतं.

कीर्तन फार रंगलं. ते त्याला नाकारता येत नाही, आणि तेच त्याला सगळ्यात जास्त छळतं. कीर्तनकार तिशीचे होते, आवाज कोवळा होता, पण थांबायचं कुठे हे त्यांना कळत होतं. मार्शल पहिल्या रांगेत बसला होता, फोन बंद करून. किती दिवसांनी त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं. ऑड्री शेजारी बसून हळूच म्हणाली, “डॅड, आर यू ओके?” आणि त्याने तिचा हात दाबला. तिला अर्धं कळलं नसणार, तरी ती टाळी धरत होती. शनिवारी, रविवारी तो त्याच तंद्रीत होता. सोमवारी सकाळी सहा पन्नासला हृषीकेश सातव्या मजल्याच्या पूर्वेच्या कडेला साच्याच्या फळीचं माप घ्यायला गेला, त्याने कठड्यावर हात टेकला, आणि तार सुटली. मार्शल तेव्हा याच मार्गावरच्या ट्रेनमध्ये होता. टूंगॅबीच्या आसपास.

वेस्टमीड आलं. इथेच हृषीकेश आहे, स्टेशनच्या पलीकडे हॉस्पिटलमध्ये, चौथ्या मजल्यावर. नाशिकचा पोरगा, अकरा वर्षांपूर्वी मेलबर्नला क्लेटनला शिकायला आलेला, शिक्षण अर्धवट सोडून सुतारकामाचा परवाना काढला, इथला पर्मनंट रहिवासी झाला, सिडनीला आला. साइटवर काँक्रीट ओतायच्या आधीचे साचे बांधायचा. मार्शलला बघितलं की दुरून ओरडायचा, “काय डाबरेसाहेब, आज आमच्या बाजूने की त्यांच्या?” मार्शल म्हणायचा, “मधे.” “मधे उभं राहिलं की दोन्हीकडून धूळ बसते हो!” असं म्हणून तो हसायचा. आता त्याला कमरेखाली काही जाणवत नाही. मार्शल दोनदा भेटायला गेला. दुसऱ्या खेपेला त्याची बायको मयूरा लिफ्टपर्यंत पोचवायला आली. दारं उघडली, मिटली, तरी ती बोलत राहिली.

“दादा, तो रात्रंदिवस एकच विचारतो. मी टेकलो कसा? मी बघितलं का नाही? माझंच काही चुकलं का?”

“असं नसतं गं. अपघात तो अपघात.”

“मीही तेच सांगते. पण कंपनीचा रिपोर्ट आलाय ना कच्चा. त्यात लिहिलंय की कठडा ढिला आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. आणि कामगाराने टेकण्याआधी बघायला हवं होतं. तो ते वाक्य मला परत परत वाचायला लावतो.” मग तिने त्याच्या बाहीला हात लावला, अगदी हलका. “तुम्ही आतले आहात. खरंच कोणाला माहीत नव्हतं?”

लिफ्ट पुन्हा आली होती. मार्शल आत शिरला आणि म्हणाला, “प्रार्थना करतो.” दारं मिटेपर्यंत ती मान हलवत होती, कृतज्ञतेने.

प्रार्थना तो खरंच करतो. कन्फेशनलाही जाऊन आला. जाळीपलीकडचे फादर फिलिपिन्सचे, दमलेले, दयाळू. मार्शल म्हणाला, कामात माझ्याकडून हयगय झाली. फादर म्हणाले, देव क्षमाशील आहे, पुढे जपून राहा, आणि तीन ‘नमो मरिया’ सांगितले. बाकावर गुडघे टेकून त्याने ते म्हटले आणि उठला, तर गुडघे तसेच जड. हयगय! एवढा मोठा शब्द, की त्याच्यामागे कठडा, तार आणि सोमवार तिन्ही लपले. दुकानात उशिरा गेलो हीसुद्धा हयगयच की. देवाला सगळं माहीत आहे, त्याला तपशील कशाला हवा, असं त्याने स्वतःला समजावलं होतं. पण जाळीपलीकडे देव नव्हता, एक दमलेला माणूस होता, आणि त्या माणसाला काहीच कळलं नव्हतं. काल संध्याकाळी जेवताना जर्ट्रूडने आपण होऊन विषय काढला. इतके दिवस ती गप्प होती. गाडीतलं तिने पाहिलं होतं, ऐकलं होतं, आणि ती गप्प होती, आणि तिचं ते गप्प राहणं घरभर पसरलं होतं. ऑड्री वर गेल्यावर ती म्हणाली, “उद्या मीटिंग आहे ना? कंपनी सांगेल ते कर. आपण काय मुद्दाम केलं नाही.” तो म्हणाला, “तू विचारलं होतंस, कोणाचा म्हणून.” ती ताट उचलत म्हणाली, “मला काही आठवत नाही, मार्शल.” आणि नळ सोडला. पाण्याच्या आवाजात ती बराच वेळ पाठमोरी उभी होती. बावीस वर्षांच्या संसारात ती त्याच्यासाठी कधी खोटं बोलली नव्हती. हे इतक्या प्रेमाने बोलली, की त्याला तिथेच जमिनीवर बसावंसं वाटलं.

पॅरामॅटाला उतरून तो नदीच्या बाजूने चालत साइटवर आला. इमारत आता अकराव्या मजल्यापर्यंत गेली आहे. सातव्या मजल्याच्या पूर्वेला नवा कठडा, नवी पिवळी पट्टी, खालून सुद्धा दिसते. चित्रलेखा बैठकीच्या शेडबाहेर उभी होती, कागदी कपातली कॉफी घेऊन. ती कंपनीच्या कर्मचारी विभागाची प्रमुख, पुण्याची, हुशार, आणि वाईट मुळीच नाही. त्याची मुलगी आजारी होती तेव्हा तिनेच त्याला पंधरा दिवस घरून काम दिलं होतं.

“वाचलंस?” ती म्हणाली. “अरे, कमाल आहेस तू. हात काय जोडतोस!”

“सवय आहे.”

“तेच तर सांगायचंय ना आपल्याला. सवय आहे. हे बघ, मी लिहून आणलंय, तू फक्त वाच.” तिने एक कागद दिला. चार ओळी होत्या. श्री. डाबरे हे भारतीय आहेत. त्यांच्या संस्कृतीत कोणत्याही समारंभाच्या शेवटी अशी क्षमायाचना करण्याची प्रथा आहे. तो केवळ शिष्टाचार असून त्यातून कोणतीही कबुली अभिप्रेत नाही. सबब ते वाक्य इतिवृत्तातून वगळावे. “खोटं आहे का यात काही? आपल्यात म्हणतातच की शेवटी, चुकलं-माकलं. माझी आजी सत्यनारायणानंतर म्हणायची. लग्नात मुलीकडचे म्हणतात. कोण मनावर घेतं?”

“पप्पा मनावर घ्यायचे.”

“काय?”

“काही नाही.”

ती जवळ आली, आवाज खाली आणला. “मार्शल, ऐक. आपण इथे दर मीटिंगला म्हणतो ना, ज्यांची ही जमीन त्यांना आमचा आदर? म्हटल्यावर कोणी जमीन परत देतं? नाही ना? तसंच हे. म्हणायचं असतं.” मग जरा थांबून, “आणि देवाची कृपा आहे तुझ्यावर. तो मेल तू उघडलाच नव्हतास. मी स्वतः स्क्रीन बघितलीय, ठळक अक्षरांत आहे अजून. उघडला असतास तर आज कंपनीही गेली असती आणि तूही. मग मी सुद्धा काही करू शकले नसते.”

पडद्यावर दिसत होतं तेवढं तिचं खरं होतं. मार्शल ठळक अक्षरांचा विचार करत राहिला. आठवण राहावी म्हणून केलेली खूण, तीच आता काही आठवत नसल्याचा पुरावा झाली होती. जगात किती माणसं अशी ठळक अक्षरांच्या आड बसून असतील, त्याला वाटलं, आणि मग वाटलं, बाकीच्यांचं कशाला, तू बसलायस. कागद हातात होता. वरच्या कोपऱ्यातली पिन नीट मारलेली होती. जमीन परत देत नाही हे खरं. पण मग तो अंगावर आलेला काटा? सहा वर्षं मनापासून केलेलं ते नमन? तेही नुसतं म्हणायचं असतं म्हणून होतं? आणि मग पप्पांचे भरून आलेले डोळे? या चार ओळी वाचल्या की पप्पांचं प्रत्येक कीर्तन शिष्टाचार होणार होतं, चर्चचं अंगण, चटया, खालच्या पट्टीतलं ते पद, सगळं, एका इंग्रजी परिच्छेदात. आणि त्याचबरोबर, दुसऱ्या बाजूने, हेही त्याला दिसत होतं की चित्रलेखा त्या वाक्यापुरती बरोबर आहे. त्या दिवशी हात जोडले तेव्हा त्याने काय सांगितलं होतं? काहीच नाही. ‘काही चुकलं असेल तर.’ असेल तर! त्या ‘असेल तर’च्या आत सोमवार सुखाने मावत होता. पप्पांना माहीत नव्हतं म्हणून ते सगळंच सांगत. त्याला माहीत होतं, आणि तोही सगळंच सांगत होता. पप्पांचं धोतर नेसून चोरी करावी, तसं.

बैठक दहाला सुरू झाली. अध्यक्षपद आळीपाळीने असतं, आज युनियनकडे होतं, म्हणजे रिबेकाकडे. मधे वही, बाजूला हेल्मेट, चष्मा नाकाच्या टोकावर. तिने मूळ धरणीवाल्यांचं स्मरण केलं, तिच्या पद्धतीने, भराभर, शेवटचं वाक्य मात्र हळू. मग पहिला मुद्दा : मागचं इतिवृत्त कायम करणे. “काही दुरुस्त्या?” भिंतीला लागून चित्रलेखा निरीक्षक म्हणून बसली होती, पायावर पाय टाकून. मार्शलच्या शेजारचा साइट मॅनेजर बिस्कीट मोडत होता. खिडकीतून क्रेनचा मागचा भाग दिसत होता, आज रिबेका खाली आहे म्हणून थांबलेला. त्या थांबलेल्या लोखंडाकडे बघताना मार्शलला विचित्र शांत वाटलं. धैर्य आलं म्हणावं तर ऑड्रीची शाळा, घर, जर्ट्रूडची पाठ, सगळं एकामागून एक डोळ्यांसमोरून गेलं. जे व्हायचं ते झालेलंच होतं, सोमवारी सहा पन्नासला. आता फक्त ते कुणाच्या नावाने लिहायचं एवढंच उरलं होतं. आणि ते सध्या हृषीकेशच्या नावाने लिहिलेलं होतं.

“आहे,” तो म्हणाला. “नववा मुद्दा.”

“मला वाटलंच,” रिबेका म्हणाली. तिने चष्म्यावरून चित्रलेखाकडे बघितलं, मग त्याच्याकडे. आवाजात कडवटपणा होता, पण आश्चर्य नव्हतं. “काढायचंय?”

“काढा ते.”

मागे चित्रलेखाने सोडलेला श्वास त्याला ऐकू आला. रिबेकाने वहीत एक रेघ मारली, नीट, पट्टी लावल्यासारखी सरळ. “शिष्टाचार होता, नाही का?” ती म्हणाली. “त्या दिवशी मला क्षणभर वाटलं होतं की तू काहीतरी बोललास. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं मी. मूर्खच मी.”

“ते वाक्य चुकीचं होतं,” मार्शल म्हणाला. या वेळी तो उभा राहिला नाही. हात टेबलावर होते, दोन्ही, पसरलेले, त्यांच्यामध्ये चार ओळींचा कागद. “त्याच्या जागी दुसरं लिहायचंय. शुक्रवारी, चौदा तारखेला, दुपारी दोन चाळीसला तुझा मेल आला. तेव्हा मी ब्लॅकटाउनला एका बेकरीसमोर गाडीत होतो. मी तो उघडला. पूर्ण वाचला. कठडा तारेने बांधलाय आणि सोमवारच्या आधी बघायला हवं, हे मला समजलं. मग मी तो परत न वाचलेला करून ठेवला, आणि कोणालाही फोन केला नाही.”

“मार्शल,” चित्रलेखा मराठीत म्हणाली, “मार्शल, थांब. बाहेर ये. दोन मिनिटं.”

“हृषीकेशला माहीत असायचं काही कारण नव्हतं,” तो म्हणाला. “मला माहीत होतं.”

साइट मॅनेजरच्या हातातलं बिस्कीट तसंच राहिलं. कोणी तरी खुर्ची मागे सरकवली, मग ती तिथेच थांबली. चित्रलेखा उठून दारापाशी गेली होती, फोन कानाला लावून, आणि तिचा चेहरा रागावलेला नव्हता. कोणाला तरी निरोप द्यायला निघालेल्या माणसाचा असतो, तसा होता. रिबेका शिवी देईल असं त्याला वाटलं होतं, आणि ती दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला. वहीचं पान उलटलं. नवं, कोरं. वर तारीख घातली.

“हळू, मेट,” ती म्हणाली. पेन कागदावर टेकलं होतं. “मी लिहितेय. पहिल्यापासून सांग.”

मार्शलने मान हलवली, आणि शुक्रवारपासून पुन्हा सुरुवात केली.